तिला घरी पाठवा

१

दार वाजलं तेव्हा मी केसांना तेल लावत बसले होते, आणि वाजण्यावरूनच ओळखलं की ही आपली माणसं नव्हेत. आपली माणसं आधी जिन्यातून हाक मारतात, मग दाराला हात लावतात. सरकारी हात आधी दार हलवतो.

सुट्टीची दुपार होती. दोन खोल्यांत आम्ही तिघी राहतो, तीन गावच्या, पण भाषा एक. भाडं जिच्या नावावर, विजेचं बिल जिच्या नावावर आणि किल्ल्या जिच्या कमरेला, ती कारभारीण. मी मिरची. हे नाव मला तिनेच ठेवलं आणि सगळ्यांना इतकं पटलं, की माझं खरं नाव आता फक्त माझ्या कार्डावर उरलंय. तिसरी मुकी. तिला बोलता येतं, पण बोलत नाही. तिच्याकडे कसलंच कार्ड नाही, आणि कार्ड नसलेल्या माणसाने आवाज करायचा नसतो हे तिच्या हाडात मुरलंय. दार वाजताच ती मागच्या गॅलरीतून शेजारच्या गॅलरीत गेली. मी वळून पाहिलं तर पडदासुद्धा हलत नव्हता.

आत आले दोन अधिकारी आणि आपली भाषा जाणणारी एक दुभाषी बाई. ती कारभारणीला म्हणाली, "तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय. सरकारच्या इंटरनेटवरच्या पानावर कुणीही, कुठूनही, स्वतःचं नाव न देता टाकू शकतं, तशी. तुमच्याच भाषेत आहे." आणि तिने वाचून दाखवली.

'ही बाई खोटं बोलून राहते. ती लहान मुलांच्या दवाखान्यात दिवसरात्र काम करते. त्या मुलांना दुसरं कुणीही सांभाळू शकेल. तिला घरी पाठवा.'

"दवाखाना?" कारभारणीला काही उमजेना. "अहो, मी लाँड्रीत चादरी धुते. हिच्याबरोबर. विचारा की हिला!"

"आम्ही आधी दवाखान्यातच जाऊन आलो. तिथे तुमचं नाव नाही. पण तिथल्या चादरी तुमच्याच लाँड्रीत येतात, म्हणजे ओळखपाळख असणार. नाव न लावता कामावर ठेवणारे पुष्कळ असतात. चौकशी होईल."

"किती दिवस?"

"वर्षभरही लागतं. तोवर पक्कं कार्ड थांबेल. हां, तक्रार करणारा स्वतः पुढे आला आणि खोटं लिहिलं म्हणाला, तर वेगळं. सोमवारी तुमची मुलाखत ठरलेलीच आहे. तोवर बघा."

इथे आम्हा दोघींसारख्या सगळ्यांचं कार्ड कच्चं. कच्चं म्हणजे एकाच मालकाकडे राबायचं, दुसरीकडे काम केलं तर गेलं. घरी जायची मुभा आहे, जा की, कोण अडवतंय? पण परत येताना दार उघडेलच असं नाही. म्हणून कुणी जातच नाही. पक्कं कार्ड झालं की मोकळं: हवं तिथे काम, हवं तेव्हा घर, आणि सगळ्यात मोठं म्हणजे आपलं मूल इथे आणता येतं. त्यालाही अटी. बँकेत ठेव दाखवायची, वेगळी खोली दाखवायची, आणि मुलाला बारा पूर्ण व्हायच्या आत आणायचं.

कारभारणीची पोर टिकली. ती पाच वर्षांची होती तेव्हा कारभारीण इकडे आली. तेव्हापासून टिकली धाकट्या मावशीकडे वाढतेय, आणि या उन्हाळ्यात तिला बारा पूर्ण होणार. म्हणजे कार्ड वर्षभर थांबलं तर पोर आयुष्यभर तिकडेच.

माझ्या पोराला गेल्या वर्षीच बारा झाली. माझा अर्ज तोवर दोनदा परत आला होता. म्हणून हो, मी जळते कारभारणीवर. पाठीमागे नाही, तोंडावर जळते. तिच्या मुलाखतीची तारीख आली तेव्हा मी "नशीबवान आहेस बाई" असं म्हटलं आणि हातातलं पातेलं असं आदळलं की त्याला पोचा आला.

अधिकारी गेले. कारभारणीने दार लावलं, पोचा आलेल्या त्या पातेल्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मिरचे," ती म्हणाली, "तू का गं असं केलंस?"

२

अंगाचा तिळपापड झाला माझा. पण ओरडून काय होणार? जी बाई रोज ओरडते, तिच्या ओरडण्याला पुरावा म्हणून कोण धरतं?

"मला करायची असती तर नाव घालून केली असती," मी म्हटलं. "आणि दवाखाना कशाला लिहिला असता? तू दिवसभर कुठे असतेस ते मला माहीत नाही होय? तू धुतेस, मी इस्त्रीच्या रोलरवर घालते. तुझी ओली चादर रोज माझ्या हातात येते."

"अधिकाऱ्यांना चकवायला लिहिलं असशील."

"मी इतकी हुशार असते तर माझा अर्ज दोनदा परत आला असता का?"

पलंगावर बसून तिने उशीच्या अभ्र्यातून टिकलीचा फोटो काढला आणि मांडीवर पालथा ठेवला. तो पालथा फोटो पाहून मला आणखी राग आला, आणि त्याच रागात मी ठरवलं की हे कुणाचं काम आहे ते सोमवारच्या आत शोधून काढायचं. तिच्यासाठी नाही, माझ्या नावासाठी. जळते म्हणून चोर ठरवलं तर निम्मं जग तुरुंगात जाईल.

पहिला संशय लाँड्रीच्या मुकादमावर. कारभारणीचं कार्ड पक्कं झालं तर ती उद्या दुसरीकडे जाईल, जास्त पगारावर. कच्च्या कार्डावर तीन माणसांचं काम करणारी बाई फुकट हातातून जाणार म्हटल्यावर त्याच्या पोटात दुखणारच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला भट्टीपाशी गाठला. "तक्रार कुणी केली?" मी विचारलं. तो इथलाच, आपली भाषा एक अक्षर कळत नाही, आणि माझी इथली भाषा ही अशी मोडकी. पण तक्रार हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा पांढरा पडला.

"कसली तक्रार? इथे येणार आहेत का ते? कधी?" त्याने मला कोपऱ्यात ओढलं. "तुला कुणी सांगितलं? त्यांनी हजेरीचं काही विचारलं का?"

त्या सकाळी पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत तो चार बायकांना घरी पाठवून आला. चौघींनाही कार्ड नव्हतं, त्यात आमची मुकीही. तेव्हाच मी त्याच्या नावावर काट मारली. ज्याच्या स्वतःच्या घरात अंधार, तो दुसऱ्यासाठी पोलिसांना कशाला बोलावेल? आणि आपल्या भाषेत लिहून द्यायला त्याच्याकडे होतं कोण? मी. आणि मी लिहिली नव्हती.

दुसरा संशय कारभारणीच्या भावावर. आधी ती दर महिन्याला भरपूर पाठवायची, त्यातून त्याचं घर चढत होतं. पण बँकेत ठेव दाखवायचा नियम आला तसा तिने हात आखडला. घराला छप्पर नाही, आणि बहीण म्हणते, "थांब जरा." भावाने फोनवर एकदा असे बोल लावले होते की ती गॅलरीतून रडतच आत आली होती. त्याला वाटत असेल, कार्ड मिळालं नाही तर ठेव मोडेल आणि छप्पर पडेल. पडेल म्हणजे वर पडेल, घरावर.

हे मी घरी येऊन कारभारणीला सांगायला गेले, तर ती दारातच उभी.

"मुकी गेली," ती म्हणाली. "पिशवी घेऊन गेली. आणि या महिन्याला तिच्या घरी पाठवायचे तिचे पैसे माझ्याकडेच ठेवून गेली."

३

पळाली म्हणजे तिनेच केलं, असं कारभारणीने लगेच धरलं. माझ्यावरचा संशय असा चुटकीसरशी दुसरीकडे गेला याचं मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण वाटेना.

पैसे मागे ठेवून कोण पळतं? मुकीला कार्ड नाही म्हणून पैसे पाठवायच्या खिडकीवर तिला कुणी उभं करत नाही. तिचा पगार कारभारणीच्या नावाने जातो आणि तिकडे तिच्या नवऱ्याला मिळतो. कारभारीण म्हणजे तिची बँकच की. आपल्याच बँकेला आग कोण लावेल?

आता मुकी कुठे जाईल? माणसांत जाणार नाही, स्टेशनावर झोपणार नाही. ऊब असेल आणि कुणी विचारणार नाही, अशा जागी जाईल. संध्याकाळची पाळी सुटायच्या वेळी मी लाँड्रीच्या कोठीत शिरले, जिथे घड्या घातलेल्या चादरींचे ढीग गाडीची वाट पाहत असतात. दवाखान्याच्या चादरींच्या रांगेत, त्या छोट्या बदकं छापलेल्या चादरींच्या मागे, मुकी बसली होती. घड्या घालत होती. सकाळी मुकादमाने तिला बाहेर काढलं होतं, पण ती मागच्या दाराने परत आत आली होती आणि सवयीने कामाला लागली होती.

"घाबरू नकोस, मी आहे," मी म्हटलं.

"तुम्हालाच घाबरते ताई," ती म्हणाली.

ही मुकी! एवढं बोलली आणि मग थांबलीच नाही. पोलीस परत येतील म्हणून गेले, मला पकडलं तर बिनकार्डाचं माणूस घरात लपवल्याबद्दल कारभारणीलाही धरतील, तिचं होत आलेलं कार्ड माझ्या पायी जायला नको, असं सगळं. मग बदकाच्या एका चादरीवरून हात फिरवत म्हणाली, "दवाखान्याचं कुणी लिहिलं असेल हो? तसं बघितलं तर शाळाही लिहिता आली असती. नाहीतर दुकान."

"कसली शाळा? कसलं दुकान?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. घरी फोन करायचा तर आम्ही गॅलरीत जातो आणि दार ओढून घेतो, कारण तिथे प्रत्येकीची एक थाप चालू असते. मी माझ्या पोराला सांगितलंय की मी विमानतळावर साहेबीण आहे. रोलरवर हात भाजले तर त्याला व्हिडिओत हात दाखवत नाही. पण मुकी झोपते गॅलरीत. आमच्या सगळ्या थापा तिच्या उशाशी.

"कारभारीण आईला सांगते, शाळेत मुलांना जेवण वाढते," मुकी म्हणाली. "लोकांचे मळके कपडे धुते म्हटलं तर म्हातारी जेवायची नाही. भावाला सांगते, कापडाच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसते. त्याच्या सासुरवाडीत मान राहावा म्हणून."

"आणि दवाखाना?"

तिने आठवून आठवून, एकेक नातं बोटावर घेत सांगितलं. तक्रार करणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याला जे सांगितलं होतं, तेच त्याने खरं मानून लिहिलं होतं. लाँड्रीतल्या कुणीही दवाखाना लिहिला नसता. आईने शाळा लिहिली असती, भावाने दुकान. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे उलटं झालं होतं. आम्ही तिघी एकमेकींच्या काखा तपासत होतो आणि कळसा गावात होता.

दवाखान्याची थाप कारभारणीने एकाच घरी मारली होती. धाकट्या बहिणीच्या घरी.

४

मुकीला हाताला धरून मी घरी आणलं. अडीअडचणीला असावेत म्हणून तिघींच्या घरचे नंबर आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवलेत. कारभारीण अंघोळीला गेली तेवढ्यात मी गॅलरीत गेले, दार ओढलं आणि धाकटीला फोन लावला.

"मी मिरची. तुझ्या बहिणीबरोबर राहते ती."

"काय झालं? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. तिचं कार्ड अडकवलंस ना, त्यामुळे जरा कमी बरी आहे."

पलीकडे ती फुटली. "कुणी सांगितलं तुम्हाला? मी नाही अडकवलं! पण अडकलं असेल तर मला आनंद झालाय, ऐकायचंय? ऐका! सहा वर्षं त्या पोरीचे ताप मी उतरवले. वेण्या मी घातल्या. दात पडला तेव्हा माझ्या पदरात पडला. शाळेत आईचं नाव विचारलं तर ती आधी माझ्याकडे बघते. आणि ताई काय म्हणते? कागद तयार ठेव, फोटो काढून ठेव. परड्यातली भाजी मागावी तशी मागते. मी जळते तिच्यावर. तिला इकडे यायला नको, पोरगी मात्र हवी!"

"यायला नको असं नाही," मी म्हटलं. "आली तर परत जाता येत नाही."

"ते मला कळतं हो. कळलं म्हणून जळायचं थांबतं का?"

तिचं एवढं ऐकल्यावर मला तिच्यावर रागावता येईना. सख्खी जातभाई सापडल्यासारखं वाटलं.

"तू केली नाहीस?" मी विचारलं.

"पोरीची शपथ, नाही. असली तक्रार कुठे करतात तेही मला ठाऊक नाही."

मी गॅलरीच्या कठड्याला टेकले आणि त्या चार ओळी मनात पुन्हा वाचल्या. एकदा, दोनदा. आणि तिसऱ्यांदा वाचताना मला माझाच राग आला. जळण्यातली जाणकार मी, आणि एवढं साधं कसं दिसलं नाही?

माणूस ज्याच्यावर जळतो त्याच्याच नावाने बोटं मोडतो. मी कार्डावर जळते, मी लिहिलं असतं तर कार्डाबद्दल लिहिलं असतं. भावाने पैशाबद्दल लिहिलं असतं. धाकटीने टिकलीबद्दल. या चार ओळींत ना कार्ड, ना पैसा, ना टिकली. आहेत ती फक्त दवाखान्यातली मुलं. 'त्या मुलांना दुसरं कुणीही सांभाळू शकेल.' लिहिणारं माणूस कारभारणीवर जळतच नव्हतं. ते त्या मुलांवर जळत होतं. आणि शेवटी 'हाकला' नाही, 'पकडा' नाही. घरी पाठवा.

"धाकटे," मी विचारलं, "दवाखान्याची गोष्ट ताईने मुळात कुणासाठी रचली?"

"टिकलीसाठी. लहान होती ना. आई का येत नाही म्हणून रडायची. तिला कार्ड, नियम काय कळणार? म्हणून ताई म्हणाली, आई आजारी बाळांना सांभाळते, त्यांना सोडून येता येत नाही..." बोलता बोलता ती थांबली. "अगं बाई."

"तुझा फोन दिवसा कुणाकडे असतो?"

ती फोनपासून दूर गेल्याचा आवाज आला. तिने हाक मारली, "टिकले, इकडे ये."

५

कारभारीण ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा मी फोन तिच्या हातात दिला. "बोल," म्हटलं. "रागावू नकोस, आधी ऐक."

फोनवर टिकली होती. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. मुकी मागून येऊन दारात उभी राहिली.

"आई, तुला पाठवतायत ना घरी?" पोरीच्या आवाजात इतकी खुशी होती की कारभारणीने माझ्याकडे बावरून पाहिलं. "तिकीट ते देतात का आपण काढायचं?"

"टिकले, तू लिहिलंस ते?"

"हो! तूच मावशीला म्हणालीस ना, कुणी तक्रार केली तर मला घरी पाठवतील. मग मी केली. मावशीच्या फोनवरून सोप्पं असतं, खोटं बोलून राहते असं लिहिलं की लगेच पाठवतात. मावशी म्हणाली की पक्कं कार्ड मिळालं की तू कायमची तिथली होणार. म्हणून मी त्याच्या आधीच केली."

"अगं, तुला इकडे आणायचं होतं म्हणून मी..." कारभारणीचा आवाज चिरकला. "मावशीने सांगितलं नाही तुला? फोटो काढले ते कशाला?"

"मला वाटलं शाळेला हवेत."

मागे धाकटी रडत होती. सांगायचं काम तिच्यावर सोपवलं होतं, आणि तिच्या तोंडून ते निघालंच नव्हतं.

"आणि मग त्या बाळांचं काय?" टिकलीने विचारलं. "तू इकडे आलीस तर त्यांना कोण बघणार ते मी विचार केला. नर्स असतात ना. त्यांना दुसरं कुणीही बघेल."

कारभारीण खाली फरशीवरच बसली. "बाळं नाहीत गं. कुणीच नाहीत. मी चादरी धुते."

"मग तू कुणासाठी थांबलीस?" टिकली म्हणाली.

या प्रश्नाचं उत्तर एका दमात देता येत नाही. कारभारणीने सगळं सांगितलं: कच्चं कार्ड, पक्कं कार्ड, एकदा बाहेर गेलं की बंद होणारं दार, पाठवायचे पैसे, ठेव. अडखळत, मागेपुढे करत सांगितलं. टिकलीने मधे दोनदा प्रश्न विचारले, आणि ते मोठ्या माणसासारखे होते. शेवटी म्हणाली, "तसं सांगायचं ना मग. मी इतकी वर्षं त्या बाळांना मनातल्या मनात शिव्या देत होते."

मी आत जाऊन विनाकारण पातेली पुसायला घेतली. माझा पोरगा फोनवर काय म्हणतो ते आठवत होतं. बूट पाठव म्हणतो. मोठ्या मापाचे पाठव, पाय वाढलाय. कधी येतेस असं त्याने शेवटचं कधी विचारलं ते मला सांगता येणार नाही. आणि हिला घरी न्यायला हिच्या पोरीने परक्या मुलखातल्या सरकारला अर्ज केला! कार्डावर जळत होते तेव्हा परवडलं. हे जळणं जास्त होतं.

फोन ठेवून कारभारीण आत आली. मला म्हणाली, "माफ कर गं. मी तुझं नाव घेतलं." मग डोळे पुसत म्हणाली, "सोमवारी सांगून टाकते. पोरीने केली, गैरसमजातून केली. मोकळं होईल."

"होणार नाही," मुकी दारातून म्हणाली. एवढ्या दोन दिवसांत ती जितकी बोलली तितकी वर्षात बोलली नव्हती. "मुलाला आणायचं तर मुलाची राजीखुशी लिहून लागते. तिने आईला परत पाठवा म्हणून सरकारला लिहिलं, असं एकदा कागदावर चढलं की ते म्हणतील, मूल यायला राजी नाही. शेजारच्या गल्लीतल्या बाईचं अस्संच झालं. कार्ड झालं, पोरगं राहिलं."

"मग कुणी केली म्हणून सांगू?" कारभारणीने विचारलं. "केलेली आहे. कुणीतरी केलेली असायलाच हवी ना."

मुकी माझ्याकडे बघत नव्हती. कारभारीणही नव्हती. दोघी इतक्या ठरवून माझ्याकडे बघत नव्हत्या, की मी पातेलं खाली ठेवलं.

"मी काही देवमाणूस नाही," मी म्हटलं. "जेवायला वाढा."

६

सोमवारी मीही गेले. सोबत म्हणून, असं म्हणाले. कचेरीतल्या त्या खोलीत एक टेबल आणि चार खुर्च्या होत्या, भिंतीवर कुठलंही चित्र नव्हतं. तोच अधिकारी, तीच दुभाषी बाई. कारभारणीने बँकेची ठेव दाखवली, वेगळ्या खोलीचा करार दाखवला, टिकलीचे फोटो दाखवले. सगळं बरोबर होतं. मग अधिकाऱ्याने तक्रारीचा कागद वर ठेवला.

"याचं काही कळलं?"

कारभारणीने तोंड उघडलं. पोरीचं नाव घेणार नव्हती ती, ते मला ठाऊक होतं. मला कळलं नाही म्हणणार होती, आणि वर्षभर थांबणार होती, आणि उन्हाळा जाणार होता. तिचा खालचा ओठ थरथरत होता. माझाही दोनदा असाच थरथरला होता, याच खोलीत.

"मी केली," मी म्हटलं.

कारभारणीने माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला.

दुभाषी बाईने अधिकाऱ्याला सांगितलं. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही तर हिच्याचबरोबर काम करता," तो म्हणाला. "मग दवाखाना कशाला लिहिलात?"

हा विचारेल असं मला वाटलंच होतं. "लाँड्री लिहिली असती तर तुम्ही लाँड्रीत आला असतात," मी म्हटलं. "तिथे माझंही पोट आहे. हिचं नुकसान व्हावं, माझं होऊ नये, म्हणून दुसरीच जागा लिहिली. बदकं छापलेल्या चादरी रोज हातात असतात, तेच सुचलं."

त्याला ते पटलेलं दिसलं. दुष्ट माणसाचा हिशेब लोकांना लगेच पटतो.

"आणि ही मुलांची ओळ?" त्याने कागदावर बोट ठेवलं.

"ती अशीच. जरा खरं वाटावं म्हणून."

दुभाषी बाई माझ्याकडे वाकली आणि हळू आवाजात, जणू अधिकाऱ्याला आपली भाषा कळत असावी तसं, म्हणाली, "बाई, विचार करून बोला. खोटी तक्रार केली असं तुम्ही लिहून दिलंत तर तुमचं कार्ड पुढे कधीही पक्कं होणार नाही. तिसरा अर्जसुद्धा घेणार नाहीत. तुम्हाला मूल आहे ना?"

"आहे. बारा होऊन गेली त्याला."

"तरी तुम्हाला घरी जाऊन यायला मिळालं असतं, पक्कं झालं असतं तर. ते जाईल."

ते मला माहीत होतं. शनिवारपासून मी तेच तर मोजत होते. कारभारीण मान हलवत होती, नको नको असं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तरी ती "हिने केलं नाही" असं म्हणत नव्हती. म्हणू शकत नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही म्हटलं नसतं. मला तिचा तेव्हा राग आला, आणि टिकली येईल तेव्हा जिन्यात ती कशी धावत जाईल ते डोळ्यांपुढे आलं, आणि राग आणखी वाढला.

"कुठे सही करायची?" मी विचारलं.

अधिकाऱ्याने कोरा कागद पुढे ओढला आणि लिहू लागला. माझं नाव, माझं खरं नाव, त्याने कार्डावर बघून लिहिलं. एका ओळीवर थांबला आणि दुभाषी बाईला काही म्हणाला.

"कारण विचारतायत," ती म्हणाली. "मैत्रिणीविरुद्ध खोटी तक्रार का केलीत?"

"तिच्यावर जळते मी," मी म्हटलं.

बाईने ते त्याला त्याच्या भाषेत सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. त्या अख्ख्या कागदावर तेवढं एकच खरं होतं.